कागदावरच्या गाडीलाही ब्रेक हवेत

गाडी दारात नाही. ती घेण्याइतके पैसेही गाठीशी नाहीत. कोणाचे लायसन्स अजून निघायचे आहे, कोणाच्या डोक्यावर घराचे हप्ते आहेत. तरीही वहीची पानेच्या पाने भरलेली असतात. इंजिन कोणते, टायरचा साइझ काय, सस्पेन्शन किती इंच उचलायचे, पुढे किती वॉटचे दिवे, आत कोणत्या सीट, रंग कोणता, इथपर्यंत सगळे ठरलेले असते. सुट्या भागांच्या किमती पेन्सिलीने लिहिलेल्या असतात, कारण त्या सारख्या बदलतात. गाड्यांचे वेड असलेल्या घरात अशी एखादी वही सापडतेच. तिचा मालक दहावीतला मुलगा असतो, पॉलिटेक्निकमधली मुलगी असते, नाहीतर निवृत्तीला टेकलेला एखादा कारकूनही असतो.

घरच्यांचे शेरे ठरलेले असतात. कोणी ‘मनातले मांडे’ म्हणते, कोणी ‘बाजारात तुरी’ ही म्हण ऐकवते. परीक्षा तोंडावर असेल तर वही जप्तही होते. या टोमण्यांत तथ्य आहे, पण अर्धेच. नसलेल्या गाडीचा आराखडा हा मेंदूसाठी उत्तम व्यायाम ठरू शकतो आणि निव्वळ दिवास्वप्नही ठरू शकतो. गाडी पुढे मिळते की नाही, यावर ते अवलंबून नसते. ती वही आपल्या मालकाला कधी ‘नाही, हे जमणार नाही’ असे सांगते का, यावर ते ठरते.

वाट पाहण्याचा आनंद

आधी आनंदाबद्दल. हातात काही नसताना माणूस इतका रमतो कसा, याचे एक उत्तर मेंदूत आहे. वुल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. माकडाला फळांचा रस मिळाला की त्याच्या मेंदूतल्या डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी उत्तेजित होत. रसाआधी दरवेळी एक खूण दाखवायला सुरुवात झाली, तेव्हा काही दिवसांनी या पेशी रसाऐवजी त्या खुणेलाच प्रतिसाद देऊ लागल्या. बक्षिसाची चाहूल मेंदूला बक्षिसाइतकीच हलवते, असा याचा सोपा अर्थ.

माणसांतही याच्याशी जुळणारे चित्र दिसते. नेदरलँड्समधल्या दीड हजारांहून अधिक प्रौढांचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सुट्टीला जाणारे लोक जाण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी आढळले. परत आल्यावर मात्र बहुतेकांच्या आणि घरीच राहिलेल्यांच्या आनंदात फारसा फरक उरला नव्हता. सहलीच्या सुखाचा मोठा वाटा सामानाची यादी करतानाच मिळून गेला होता.

वहीतल्या गाडीचे सुख याच जातीचे आहे. ते खोटे नाही आणि स्वस्तही आहे. नोकरी लागल्या लागल्या कर्ज काढून गाडी घ्यायची, दुसऱ्या महिन्यात तिच्यावर आणखी लाखभर रुपये ओतायचे आणि तिसऱ्या महिन्यात हप्त्यासाठी हात पसरायचे, यापेक्षा शंभर पानी वही केव्हाही बरी.

गोड स्वप्नाचा तोटा

पण इथेच एक मेख आहे. गॅब्रिएले ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ गेली अनेक वर्षे भविष्याच्या सुखद कल्पनांचा अभ्यास करत आहेत. त्यांनी आणि डोरिस मायर यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जर्मनीतल्या नव्या पदवीधरांकडे पाहिले होते. ज्यांना नोकरी मिळेल असा विश्वास होता, त्यांचे पुढे बरे झाले. मात्र नोकरी मिळाल्याच्या गोड चित्रांत जे अधिक रमत, त्यांनी अर्ज कमी केले, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि दोन वर्षांनंतर त्यांचे पगारही तुलनेने कमी होते. विश्वास आणि स्वप्नरंजन या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

पुढच्या एका प्रयोगमालेत असे दिसले, की इच्छा पूर्ण झाल्याची कल्पना केल्यावर लोकांचा वरचा रक्तदाब किंचित उतरतो. काम करायला शरीर सज्ज असल्याची ती खूण मानली, तर स्वप्नाने सज्जता कमी झाली असे म्हणावे लागते. ते मिळाल्यासारखेच वाटल्यामुळे माणूस सैलावतो. ओटिंगन यांनी सुचवलेला उपायही साधा आहे. इच्छेचे चित्र डोळ्यांपुढे आणावे आणि लगेच तिच्या वाटेतला अडथळा मांडावा. इच्छा आणि अडथळा शेजारी शेजारी ठेवले, की जे साध्य होण्यासारखे आहे त्यासाठी माणूस कामाला लागतो आणि जे नाही ते सोडून देणे त्याला सोपे जाते.

महागड्या भागांची नुसती यादी म्हणजे अडथळ्याविना इच्छा. तिच्यात प्रत्येक ओळ आधीच्या ओळीला टाळी देते आणि कोणतीही ओळ दुसरीला अडवत नाही. मोठे इंजिन, मोठी चाके, मोठा आवाज. अशी यादी कितीही लांबवली तरी शिकणे होत नाही. आराखडा तेव्हा सुरू होतो, जेव्हा पाचव्या पानावरचा निर्णय दुसऱ्या पानावरचा निर्णय मोडून टाकतो.

‘माहीत आहे’ असे वाटणे

कागदाची खरी ताकद इथे आहे. सायकल कशी चालते, हे सगळ्यांनाच माहीत असते. ब्रिटिश संशोधक रिबेका लॉसन यांनी मात्र लोकांना सायकलचे चित्र पुरे करायला सांगितले, तेव्हा अनेकांनी चेन चुकीच्या जागी काढली. काहींनी ती पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना गुंडाळली. अशा सायकलचे हँडल वळणारच नाही. त्याआधी रोझेनब्लिट आणि काइल या संशोधकांनी २००२ साली दाखवले होते, की झिप किंवा कुलूप यांसारख्या वस्तू आपल्याला चांगल्या समजतात असे लोक सांगतात, पण त्यांचे काम टप्प्याटप्प्याने लिहायला सांगितले की ते स्वतःच आपले गुण कमी करतात.

गाडीबाबत हा भ्रम फार मोठा असतो. सस्पेन्शन, टॉर्क, टर्बो हे शब्द तोंडात खेळत असतात. ‘सस्पेन्शन वाढवले की गाडी उंच होते’ हे वाक्य बोलायला सोपे आहे. पण बाजूने चित्र काढून शाफ्टचा कोन कसा बदलतो, ब्रेकचा पाइप पुरतो का, स्टिअरिंगचा दांडा कुठे टेकतो, हे दाखवायला बसले की पेन्सिल थांबते. ती जिथे थांबते, तिथून शिकायला सुरुवात होते.

एका टायरचा हिशेब

एक उदाहरण पाहू. मारुतीची जिप्सी १९८५ साली आली. लष्करापासून रॅलीपर्यंत ती सगळीकडे फिरली आणि आता नवी मिळत नसली तरी कागदावर ती आजही बांधली जाते. समजा, एका वहीतल्या जिप्सीला २०५/७० आर १५ मापाचे टायर आहेत आणि वहीच्या मालकाला तिथे २३५/७५ आर १५ हवे आहेत, कारण ते दणकट दिसतात.

या आकड्यांचा अर्थ सोपा आहे. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, हे सांगतो. शेवटचा रिमचा व्यास, इंचांत. जुन्या टायरची एका बाजूची उंची १४३.५ मिमी, दोन बाजूंची २८७ मिमी. रिमचे ३८१ मिमी धरून एकूण व्यास ६६८ मिमी. नव्या टायरचा व्यास याच पद्धतीने ७३३.५ मिमी येतो. म्हणजे चाक जवळजवळ १० टक्के मोठे झाले.

आता वही बोलू लागते. चाक मोठे झाले की एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, पण स्पीडोमीटरला ते कळत नाही. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे ८८ च्या वेगाने धावत असेल. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून थांबवायची ऊर्जा सुमारे २० टक्क्यांनी वाढली. दुसरीकडे, ब्रेक तेच राहिले आणि चाकाची त्रिज्या वाढली, त्यामुळे पायाच्या त्याच जोराला रस्त्यावर मिळणारी अडवणूक सुमारे ९ टक्क्यांनी घटली. इंजिनची ओढही तितकीच कमी झाली. थोडक्यात, गाडी सुटायला सुस्त झाली, थांबायला अवघड झाली आणि हे सगळे चालकाच्या नकळत झाले. हौस केली होती फक्त दिसण्याची.

उंचीचेही असेच. मोठ्या टायरने गाडी सुमारे ३३ मिमी उचलली गेली. त्यात सस्पेन्शन दोन इंच वाढवले, तर ती आणखी ५० मिमी वर गेली. गाडी उलटण्याचा धोका ढोबळमानाने मोजायचा एक सोपा नियम आहे. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. अंतर १.३ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.६५ मीटरवर धरला, तर उत्तर १ येते. गुरुत्वमध्य ०.७३ मीटरवर गेला की ते ०.८९ होते. आकडा जितका लहान, तितकी गाडी वळणावर कलंडायला राजी. घाटातल्या वळणावर हा भागाकार कागदावर राहत नाही.

तिसरा हिशेब दिव्यांचा. हेडलाइटमध्ये ६० वॉटच्या बल्बऐवजी १०० वॉटचा घातला आणि तार तीच ठेवली, तर बारा व्होल्टला प्रवाह ५ अँपिअरवरून ८ च्या वर जातो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती पावणेतीन पट होते. जोडीला कोणी मोठ्या क्षमतेचा फ्यूज बसवला, तर तार वितळण्यापूर्वी सावध करणारा पहारेकरीही झोपला. समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांसमोर काही क्षण अंधारी येते, ती निराळीच.

या तिन्ही हिशेबांना आठवी-नववीच्या पलीकडचे गणित लागत नाही. तरीही रस्त्यावर फिरणाऱ्या अनेक गाड्यांच्या बाबतीत ते कोणी केलेले नसते. गाडी आहे, पैसे आहेत, गॅरेजवाला तयार आहे, मग कागद कशाला? ज्याच्याकडे गाडी नाही त्याच्याकडे मात्र कागदच असतो. म्हणूनच गाडी नसणे ही या छंदातली उणीव मानायचे कारण नाही. गाडी नसल्यामुळे चूक खोडरबराने पुसता येते.

कायद्याचा रकाना

वहीत सहसा न सापडणारा आणखी एक अडथळा म्हणजे कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातली माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. मान्यताप्राप्त किट वापरून इंधन बदलण्यासारख्या गोष्टींना ठरलेल्या मार्गाने वाट आहे. अपंग व्यक्तीला चालवता यावी म्हणून गाडीत बदल करण्याचीही कायद्यात तरतूद आहे.

हा शेवटचा मुद्दा वहीवाल्यांनी जरूर उचलावा. पाय काम करत नसलेल्या माणसासाठी हाताने चालवायचा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर कसा असावा, व्हीलचेअर कुठे ठेवता येईल, सीट किती वळली तर आत बसणे सोपे जाईल, हे प्रश्न हजार अश्वशक्तीच्या इंजिनापेक्षा अवघड आहेत आणि अधिक कामाचेही. त्यांत शरीरशास्त्र आहे, यंत्रशास्त्र आहे आणि दुसऱ्याच्या जागी बसून विचार करणेही आहे.

आधी कागद, मग पाना

ज्यांना खरोखर गाडी बांधायची असते, तेही सुरुवात कागदावरच करतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेत महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांचे संघ उतरतात. खडबडीत रस्त्यावर धावणारी एक आसनी गाडी त्यांना स्वतः बांधायची असते. ती मैदानात उतरण्यापूर्वी तिचा आराखडा परीक्षकांसमोर मांडावा लागतो. हाच पाइप का, हेच माप का, याची उत्तरे द्यावी लागतात. ब्रिटनमधल्या ‘फॉर्म्युला स्टुडंट’ स्पर्धेत तर गाडी न बांधता केवळ संकल्पना मांडणाऱ्या संघांसाठी वेगळा गट आहे.

कागदी गाडी किती काळ तग धरते, याचे सर्वांत जुने उदाहरण लिओनार्दो दा विंचीचे. १४७८ च्या सुमारास त्याने स्प्रिंगच्या जोरावर आपोआप चालणाऱ्या गाड्याचे रेखाटन केले. त्याने तो गाडा बांधल्याचा पुरावा नाही. पुढे कित्येक वर्षे अभ्यासकांचा समज चुकीच्या स्प्रिंग गाडा चालवतात असाच होता. विसाव्या शतकात रेखाटनाचा नीट उलगडा झाला आणि २००४ साली फ्लॉरेन्सच्या विज्ञान इतिहास संग्रहालयाने त्याची प्रतिकृती चालवून दाखवली. सव्वापाचशे वर्षे कोणाच्याही मालकीची नसलेली गाडी चालली, कारण रेखाटनात नुसती हौस नव्हती, यंत्रणा होती.

कागद कुठे संपतो

कागदाचे कौतुक करताना त्याची हद्दही सांगायला हवी. मनातल्या मनात केलेला सराव उपयोगी पडतो, पण प्रत्यक्ष सरावाइतका नाही. या विषयावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा १९९४ साली घेतला गेला, त्याचाही निष्कर्ष हाच होता. गंजलेला बोल्ट किती जोर लावला की तुटतो, हे वही सांगत नाही. ते हाताला कळावे लागते. तेव्हा वहीवाल्याने सुट्टीत एखाद्या गॅरेजमध्ये बसावे, जुनी सायकल उघडून पुन्हा जोडावी, शेजाऱ्याच्या स्कूटरचा प्लग साफ करावा. वहीतल्या रेषांना त्याने वजन येते.

दुसरी हद्द मनाची आहे. दिवास्वप्नात तासन्‌तास बुडून जाणे आणि त्यामुळे झोप, अभ्यास, नाती बिघडणे, या अवस्थेचे वर्णन इस्रायली मानसशास्त्रज्ञ एली सोमर यांनी २००२ साली केले. आजारांच्या अधिकृत याद्यांत तिला अजून स्वतंत्र जागा नाही आणि गाडीची वही म्हणजे आजार, असा कोणी अर्थ काढू नये. पण वही बंद करणे जमेनासे झाले, माणसे टाळली जाऊ लागली, रात्री जागण्यात जाऊ लागल्या, तर ते गाडीचे वेड उरत नाही. तेव्हा वही जप्त करण्यापेक्षा तिच्या मालकाशी बोलणे आणि गरज पडल्यास समुपदेशकाला भेटणे शहाणपणाचे.

चार रकाने

मग वही कशी असावी? प्रत्येक बदलासाठी चार रकाने पुरेसे आहेत. पहिल्यात बदल काय आणि कशासाठी. दुसऱ्यात त्याचा आकडा, म्हणजे किलो, मिलिमीटर, अँपिअर. तिसऱ्यात त्यामुळे आणखी काय बदलते, विशेषतः ब्रेक, तोल आणि दृष्टी यांचे काय होते. चौथ्यात किंमत आणि कायदा. तिसरा रकाना रिकामा राहिला, तर तो बदल अजून समजलेला नाही, असे खुशाल मानावे.

आई-वडिलांनी आणि शिक्षकांनीही थोडे नमते घ्यायला हरकत नाही. ‘गाडी घेणार कुठून?’ हा प्रश्न वहीवाल्याला रोज पडलेलाच असतो. त्याऐवजी ‘हे टायर घातले तर ब्रेकचे काय?’ असे विचारून पाहावे. पहिल्या प्रश्नाने वही उशीखाली जाते, दुसऱ्याने ती जेवणाच्या टेबलावर येते. ज्या मुलाला वर्गसमीकरण रटाळ वाटते, तोच मुलगा वेगाच्या वर्गाचा हिशेब रात्री अकरापर्यंत करत बसतो, कारण आता त्या गणिताला चार चाके असतात.

अशा वहीचा कस तिच्यातल्या खाडाखोडीवरून लावावा. एकही ओळ खोडलेली नसेल तर ती दुकानाची यादी आहे. मोठे टायर खोडून मूळ मापाचे चांगल्या पकडीचे टायर लिहिले असतील, उंची दोन इंचांवरून शून्यावर आली असेल, शंभर वॉट कापून ‘काच साफ करणे, दिव्याचा कोन तपासणे’ असे लिहिले असेल, तर तो आराखडा झाला. उद्या त्या वहीवाल्याला गाडी मिळाली, तर त्याने ती वळणावर कशी हाकावी याची काळजी घरच्यांना जरा कमी करावी लागेल. आणि नाहीच मिळाली, तरी दुसऱ्याच्या गाडीत बसताना तो सीटबेल्ट आधी लावेल.